गाडी उलटी चढवायची

शाळेपासूनची माझी मैत्रीण आणि मी, दोघी निवृत्त झाल्यावर तिच्या गाडीने बोरिवलीहून निघालो. किनाऱ्याकिनाऱ्याने रमतगमत गुहागरला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी एक खाडी फेरीबोटीने ओलांडायची होती. बोटीवरचा खलाशी म्हणाला, "बाई, गाडी उलटी चढवायची."

मैत्रिणीने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ती हळूच म्हणाली, "मला रिव्हर्स येत नाही गं."

"वीस वर्षं गाडी चालवतेस ना तू?"

"पुढे मी चालवते. मागे सोसायटीचा वॉचमन घेतो."

शेवटी खलाशानेच गाडी चढवली. ही मात्र मागे उभी राहून हातवारे करत त्याला सांगत होती, "डावीकडे घे. अजून. बस."

बोट सुटल्यावर ती मला म्हणाली, "बघ, नीट सांगितलं की बरोबर लागते गाडी."