नवरदेवाच्या हातातली तलवार

तलवारीच्या पात्यांबद्दल मला फार कळतं. लाखनीच्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो, आणि माझ्या तलवारपुराणातून एकाही पोराची सुटका झालेली नाही. वाकडं पातं घोड्यावरून कापत जायला, लांब सरळ पातं भोसकायला, टोकाशी रुंद होणारा खांडा जोर लावून हाणायला. आणि सिनेमातली तलवार कशाला? तर पडदा भरायला. मी स्वतः उभ्या जन्मात विळ्यापलीकडे काही उचललेलं नाही, पण ते कुणी विचारत नाही.

धाकटा भाऊ एकोडीला धानाची शेती करतो. थ्रेशरमध्ये पेंढी सारताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेतकऱ्याला पोरगी द्यायला लोक आधीच नाक मुरडतात, त्यात हात असा. मुलगी पाहायला गेलो की हा डाव्या हाताने कप घ्यायचा, आणि मुलीच्या काकाची नजर उजवा हात शोधत फिरायची. मग निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलेलीच नसायची. शेवटी पवनीकडची एक मुलगी हो म्हणाली. हाताचं तिला आणि तिच्या आईबापाला ठाऊक होतं, बाकी गोतावळ्याला नव्हतं; आणि लग्नात मोडता घालायला आमच्याकडे गोतावळाच पुरतो. हे लग्न एकदाचं नीट लागावं, एवढंच आमचं मागणं होतं.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. नवरीला घेऊन घरी परतेपर्यंत ती अंगावेगळी करायची नाही, जेवताना नाही आणि झोपतानाही नाही. गावात वीतभर लांबीची एक गंजकी कट्यार आहे, तीच घरोघरी फिरते. मी ती आधीच आणून ठेवली होती. भावाने मात्र फोनवरून तलवार मागवली.

खोक्यातून निघालेलं ते प्रकरण पाहून हसावं की रडावं कळेना. कमरेइतकी उंच, पात्याला करवतीसारखे दाते, टोक फुटून दोन झालेलं, आणि मुठीभोवती पितळी रंगाची एवढी मोठी वाटी की तिच्यात घरादाराचे पोहे मावावेत. धार तेवढी नव्हती.

"अबे, हे दाते दुसऱ्याच्या फासळीत अडकतीन अन् तू तिथंच मरशीन," मी म्हणालो.

"मले लगन करायचं हाय दादा, लढाई नाही."

आमच्या आत्याला वेगळीच चिंता. "लिंबू कोणत्या टोकाले लावू?" शेवटी तिने दोन लिंबं खोचली आणि विषय मिटवला.

मी कसला हटतो! कट्यार त्याच्यापुढे धरून तिचे गुण सांगत बसलो. हलकी आहे, कमरेला खोचता येते, हात मोकळे राहतात. त्याने ऐकून घेतलं. मग तलवारीच्या मुठीत उजवा हात घालून वर धरला. मनगटापुढचं काही दिसेना.

"मूठ पाह्य ना," तो म्हणाला. "तू पातंच पाहून राहिला."

मुठीवरची वाटी हात वाचवायला असते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. याला हात वाचवायचा होता तो लोकांच्या नजरेपासून.  मी कट्यार परत द्यायला गेलो.

लग्नाच्या दिवशी पवनीला तलवारीने आपले सगळे दोष मी म्हटल्याप्रमाणे सिद्ध केले. गाडीच्या दारात ती आडवी आली. मांडवात शिरताना दाते झालरीत अडकले, झालर फाटली. मला आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला आणि भावाच्या पुढ्यात हार आला. हाराला दोन हात लागतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तलवार कमरेला खोचता येईना. खाली ठेवावी तर अपशकुन, आणि दुसऱ्याला द्यावी तर हात उघडा. त्याने डाव्या हाताने हार टाकून पाहिला, तो नवरीच्या मुंडावळीत गुंतला. लोक हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "नवरदेवाच्या हाताले काय झालं?"

 भावाचा चेहरा उतरला. वर्गात तास संपला तरी न थांबणारा मी फाटक्या झालरीकडे पाहू लागलो.

"थ्रेशरमधी दोन बोटं गेली त्यायची," नवरी म्हणाली. मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. मग त्याच्याकडे वळून हळू म्हणाली, "सोडा ते. मी असताना कोणाची बाधा होते तुमाले?"

तिने स्वतः त्याचा हात मुठीतून बाहेर काढला आणि तलवार शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे दिली. भावाने आठही बोटांनी हार धरला आणि तिच्या गळ्यात घातला. सगळा मांडव त्याच्या हाताकडे पाहत होता, तो तिच्याकडे पाहत होता, आणि मी ती बेढब तलवार धरून रडत होतो.