साहेबाच्या आजोबासाठी दोन मिनिटं

दुबईत अल कुसैसला माझी मुलगी बटाट्यांवर रोझमेरीची पानं टाकते, तो वास आला की माझं डोकं फिरतं, कारण तिकडेच फुजैराला तेलाच्या टाक्यांवर मी वेल्डर होतो तेव्हा ऑस्ट्रेलियन साहेबाने एका सकाळी आम्हाला भाजत्या उन्हात रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या खिशाला त्याच झाडाची काडी लावली. बायको गावी वारून चार दिवस झाले होते, माझा पासपोर्ट कंपनीने ऑफिसच्या कपाटात ठेवला होता. रत्नागिरीचा फोरमन म्हणाला, "काका, दोन मिनिटं गप उभे राहा. साहेबाचा आजोबा लढाईत जपान्यांच्या कैदेत मेला, त्याची आठवण काढतायत, ही काडी त्यासाठीच." मी म्हटलं, "आणि माझ्या बायकोचा दहावा?" "टाक्या बंद ठेवून चाललेलं हे शटडाऊनचं काम खलास झालं की जा, इन्शाल्ला." मौन संपल्यावर मी सरळ साहेबापुढे गेलो. "साब, आपका दादा मरा तब घर का कौन था पास में?" त्याचे डोळे भरले. "नोबडी," म्हणाला. मी म्हटलं, "मेरी औरत के पास भी कोई नहीं था. पासपोर्ट दो." तो लालबुंद झाला आणि "यल्ला, काम!" म्हणून ओरडला. दहाव्याला मी पोचलो नाही. ती गेल्यावर गावी पोचलेल्या मुलाने फोनवर सांगितलं, दुपारपर्यंत पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा करून शिववला. त्या सैनिकाशी माझं वाकडं नाही, उपाशी, परक्या मुलखात मेला बिचारा. पण त्याच्या नावाने रडणाऱ्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही आणि मरेपर्यंत करणार नाही.