खारं पाणी

माझा धाकटा भाऊ मुंबईला शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. दवाखान्यांत, हॉटेलांत, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या बसवून द्यायच्या, पाणी बदलायचं, मासे आजारी पडले तर बघायचं, हे त्याचं काम. त्यातही त्याचा खरा जीव समुद्राच्या माशांवर. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो, असं तो म्हणायचा. खारं पाणी टिकवणं अवघड. मग तिशीही गाठली नव्हती तोच त्याचे पाय सुजायला लागले, चेहरा फुगला आणि दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं कळलं. तो जळगावला आईकडे परत आला.

वडील आधीच गेलेले. मी लग्न होऊन धुळ्याला, तिथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. आईनं स्वतःचं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली, पण तपासणीत तिला साखर निघाली. माझा रक्तगट जुळला नाही. तेव्हा जळगावात डायलिसिसची सोय नव्हती. आठवड्यातून दोनदा तो रेल्वेनं नाशिकला जायचा, दिवसभर यंत्राला लागायचा आणि परत आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. डाव्या हातात त्या यंत्रासाठी शीर जोडून घेतलेली होती. तिथं कान लावला की रक्ताचा घरघर आवाज यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हाताला जपा, जंतू लागू देऊ नका.

मुंबईहून येताना दुकानाच्या मालकानं त्याला एक छोटी टाकी, मिठाची पाकिटं, हवेचा पंप आणि पोवळ्याची वाळू दिली होती. ते खोकं कितीतरी दिवस पलंगाखाली पडून होतं. एका रविवारी मी गेले तर टाकी मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब मांडलेली. पाणी भरलेलं, स्पंजमधून बुडबुडे निघताहेत, आणि आत मासा एकही नाही.

"मासे कुठंयत?" मी विचारलं.

"अक्का, तू प्राणिशास्त्राची ना?" तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. "आधी पाणी तयार व्हायला पाहिजे."

मला पुस्तकातलं ठाऊक होतं, पण त्यानं आईलाही कळेल असं समजावलं. मासा पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि अमोनियानं मासा मरतो. ती घाण खाणारे जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, विकत मिळत नाहीत. वाळूत, स्पंजात आपोआप धरतात, पण त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर त्यांना खायला म्हणून त्यानं बाजारातून चिमूटभर सुकट आणून पाण्यात टाकली होती. आई माळकरी. सुकटीच्या वासानं तिनं पदर नाकाला लावला, पण त्याला अडवलं नाही. पोरगा भिंतीकडून वळून टाकीकडे बघायला लागला होता, एवढं तिला पुरे होतं.

महिना गेला, दुसरा गेला. पाणी काही तयार होईना. तपासायचं साहित्य त्याच्याकडं नव्हतं, म्हणून मी रविवारी संध्याकाळी औषधाच्या बाटलीत पाणी घेऊन एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.नं धुळ्याला न्यायची आणि सोमवारी प्रयोगशाळेत बघायची. तिथल्या एका रसायनानं अमोनिया असला तर पिवळा रंग येतो, जास्त असला तर तपकिरी. आधी खाऱ्या पाण्यात नुसता गढूळपणाच यायचा. रसायनशास्त्राच्या सरांनी त्यावर उतारा सांगितला, मग रंग दिसू लागला. दर वेळी तपकिरी. मी आईच्या शेजारच्यांच्या फोनवर कळवायची. तो पलीकडून "बरं" म्हणायचा आणि विचारात पडायचा.

त्यानं एकेक कारण घेतलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतूंना मारतं, म्हणून नवं पाणी ड्रममध्ये उघडं ठेवून मगच वापरायला लागला. वीज गेली की पंप बंद पडतो आणि जंतू गुदमरतात, म्हणून तेवढा वेळ तो उजव्या हातानं पेल्यानं पाणी काढून वरून ओतत बसायचा. उन्हाळा लागला तसं जळगावचं ऊन टाकीपर्यंत पोचलं. मग टाकीभोवती ओलं गोणपाट. मीठ मोजून पाहिलं, बरोबर होतं. तरी तपकिरीच.

त्याच सुमाराला दुकानातला त्याचा जुना सोबती भेटायला आला. येताना हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून दोन निळे मासे घेऊन आला, बोटाएवढे, पिवळ्या शेपटीचे. पाणी तयार नाही हे भावाला ठाऊक होतं. पण परत पाठवणार कुठं? पिशवीतही ते मेलेच असते. त्यानं सोडले. ते मासे सारखे वर येऊन तोंड उघडत राहिले, आणि एकापाठोपाठ एक गेले. मी पोचले तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई मला म्हणाली, "बठ्ठी घाण शे त्या पाण्यात. म्हणूनच मेले ते."

त्यानंतरच्या रविवारी मी जरा लवकर पोचले. भाऊ नाशिकहून आदल्या रात्री आलेला, झोपला होता. मागच्या अंगणात दोरीवर आईची लुगडी वाळत होती आणि त्यांच्या शेजारी चिमट्याला लावलेला एक काळा स्पंज. टाकीतला. पिळून, स्वच्छ धुतलेला. हातात घेतला तर जंतुनाशक पावडरीचा वास आला.

"आई, हा इथं कसा?"

"धुतला," ती म्हणाली. "नेहमीच धुते. तो नाशिकला गेला की काढते, धुते, ऊन दाखवते आणि तो यायच्या आत परत बसवते. किती बुळबुळीत होतो माहितीय? काल वाळला नाही, म्हणून राहिला."

मी काही बोलायच्या आत दारात भाऊ उभा होता. त्यानं माझ्या हातातला स्पंज पाहिला. सगळं त्याच्या लक्षात आलं. महिनोन्महिने तो ज्या जंतूंची वाट पाहत होता ते आठवड्यातून दोनदा मोरीत वाहून जात होते.

मला वाटलं, आता हा ओरडणार. आईलाही तसंच वाटलं असावं. ती एकदम तिच्या माहेरच्या, शिंदखेड्याकडच्या बोलीत बोलायला लागली. "तू त्यामा हात घालस ना रे. तुना हातले काही व्हवाले नको म्हनीसन मी धोस..." आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

तो तिच्याजवळ ओट्यावर बसला. "आई," तो म्हणाला, "विरजणाचं भांडं रोज घासून त्यात दूध ओतलं तर दही लागेल का?"

तिनं मान हलवली.

"ती बुळबुळ म्हणजे विरजणच. मी हात घालत नाही आता. तू घाल. पण धुवायचं नाही."

तेव्हापासून टाकी आईची झाली. तो पलंगावरून सांगायचा आणि ती करायची. तिनं सुकट स्वतःच्या हातानं पाण्यात सोडली. माळकरी बाईनं. आषाढाच्या सुमाराला माझ्या परीक्षानळीतला तपकिरी रंग पिवळा झाला, मग फिका, मग उरलाच नाही. अमोनियापासून पुढं जे नायट्राइट होतं, त्याचा गुलाबी रंगही काही आठवड्यांत गेला. मी फोन केला. "पाणी तयार आहे," मी म्हटलं. पलीकडे त्यानं तेच वाक्य आईला ओरडून सांगितलं आणि आईनं शेजारणीला.

सोबत्यानं मुंबईहून पुन्हा एक मासा आणला. या वेळी तो जगला. भाऊ पलंग टाकीसमोर ओढून घेऊन पडायचा. मासा वाळूत खड्डा करायचा, शिंपल्याआड लपायचा, काचेवर बोट ठेवलं की धावून यायचा. "लई भांडखोर आहे," भाऊ कौतुकानं सांगायचा.

गणपती उठले आणि त्याला थंडी वाजून ताप भरला. नाशिकला नेलं. जोडलेली शीर सुजली होती, रक्तात जंतू पसरले होते. तो पुन्हा घरी आला नाही.

आईनं डॉक्टरांना एकच विचारलं, "माशाच्या पाण्यानं झालं का?" डॉक्टर म्हणाले, "तसं नाही सांगता येत, आई. सुई टोचतो तिथून होतं, कुठूनही होतं." नंतर तिनं मलाही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण मलाही ते ठाऊक नव्हतं.

दहाव्यानंतर नातेवाईक म्हणाले, ती टाकी काढून टाका. आईनं ऐकलं नाही. तिनं मासा सांभाळला. वीज गेली की पेल्यानं पाणी ढवळत बसायची, मीठ संपलं की मला मुंबईहून मागवायला लावायची. मासा आणखी एक उन्हाळा जगला. दुसऱ्या उन्हाळ्यात दिवसभर वीज नव्हती, आणि आईला भोवळ येऊन ती पडली होती. त्या दिवशी तो गेला. मला तिनं ते पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

त्यानंतर मी गेले तेव्हा पंप चालूच होता. आई रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकत होती.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"ते जंतू," ती म्हणाली. "जित्ते शेत ना ते. त्यानं लावलेले. उपाशी मरतील."

मी तिला थांबवलं नाही. वर्षभर तरी तिनं ते केलं.

पुढं तिच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि मी तिला धुळ्याला आणायचं ठरवलं. जळगावचं घर आवरायला गेले त्या दिवशी टाकी मीच रिकामी केली. खारं पाणी झाडांना घालता येत नाही, म्हणून बादलीनं काढून मोरीत ओतलं. शेवटची वाळू ओंजळीनं काढावी लागली. ओली, जड, किंचित बुळबुळीत. आई आतल्या खोलीत तिची लुगडी पिशवीत भरत होती. पाण्याचा आवाज थांबल्यावर तिनं आतूनच विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"मग चल," ती म्हणाली. "गाडी चुकेल."