शिलंगणाचं काडतूस

आमच्या गावात दसऱ्याचं शिलंगण सूर्य मावळला म्हणून होत नाही, आमच्या घरचा बार उडाला की होतं. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर गावाची शीव लागते. तिथं आपट्याचं झाड आहे. सगळं गाव त्या झाडापाशी ताटकळत उभं राहतं. मी सहाबारी रिव्हॉल्वर आभाळाकडं करतो, बार होतो आणि मग माणसं पानांवर तुटून पडतात. बाराच्या आधी कुणी पान तोडलं तर ते सोनं नव्हे, पालापाचोळा. आजोबा निजामाच्या राजवटीत गावचे पोलीस पाटील होते, तेव्हापासून ही सहाबारी आमची आणि हा मानही आमचा. सरकारं बदलली, साहेब किती आले नि किती गेले, बार आमचाच राहिला. आता कायदा म्हणतो की सणाला हवेत गोळी झाडणं गुन्हा आहे. म्हणू दे. बिटाचा जमादार त्या घडीला देवळामागं चहा प्यायला जातो आणि कायदाही त्याच्यासोबत जातो.

अडचण एवढीच की या सहाबारीची काडतुसं आता कुणी बनवत नाही. माणसानं चंद्रावर यान उतरवलं, पण माझ्या रिव्हॉल्वरसाठी अंगठ्याएवढं काडतूस बनवायला कुणाला सवड नाही.

गेल्या सालच्या दसऱ्याला पहिलं काडतूस फुसकं निघालं. दुसरं उडालं. पण मधे जी शांतता पसरली तिच्यात माझा चुलतभाऊ खोकला. हा माझ्याहून धाकटा. त्याच्याकडं बाराबोरची बंदूक आहे आणि तिची काडतुसं परभणीत साबणाच्या वड्यांसारखी मिळतात. रात्री पारावर त्यानं सगळ्यांदेखत तोंड उघडलं.

"दादाचं वय झालं, त्यांच्या रिवालवरचंबी झालं. पुढच्या साली बार न्हाई झाला तर आपली बाराबोर हाय की. गावाचा खोळंबा कशाला?"

जाणत्या मंडळींनी माना डोलावल्या. माना डोलवायला लायसन लागत नाही. ठरलं असं की पुढच्या दसऱ्याला माझा बार झाला नाही तर मान कायमचा त्याच्या घरी. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं. आणि माझ्या डबीत काडतूस उरलं होतं एक.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी मोबाईलवर बघतो." त्यानं बराच वेळ बोट घासलं. मोबाईलनं त्याला लहान लेकरांचं पाण्याचं पिस्तूल दाखवलं आणि दिवाळीच्या टिकल्यांचं पाकीट. वर, घरपोच देतो म्हणाला. मी लायसन आणि काडतुसाची पितळी डबी पिशवीत घातली, रिव्हॉल्वर कमरेला लावलं आणि एसटीनं संभाजीनगर गाठलं.

तिथं बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि जुना सोयरा भेटल्यासारखं उलटसुलट करून पाहिलं.

"चचा, ये कहाँ से खोद के निकाले?"

"खोदून न्हाई काढलं. लायसन हाय."

"लायसन है, गोली नहीं है. मेरे वालिद के जमाने में आती थी. अब बंद." मग त्यानं माझं काडतूस उचललं, नाकाशी नेलं आणि चष्मा खाली घेतला. "इसमें तो तेल की बू आ रही. तळले क्या इसको?"

शहरातल्या माणसाला रीतभात कुठून ठाऊक असणार! मी त्याला नीट समजावून सांगितलं. आमच्याकडं दसऱ्याला हत्याराची पूजा होते. हत्यार पूजायचं आणि काडतूस तसंच ठेवायचं, हे आमच्यात चालत नाही. म्हणून काडतुसांनाही दरसाल पंचामृताची आंघोळ, वरून पाणी, मग तेलाचं बोट आणि हळदकुंकू.

"हर साल?"

"हर साल. माझ्या बापाच्या वक्तापासून."

"चचा, बारूद को सूखा रखते. तुम तो उसको नहला रे!"

बाकड्यावर बसलेले दोघं तिघं हसायला लागले. मी म्हणालो, "आमच्याकडं देवाला कोरडं ठेवत न्हाईत," आणि बाहेर पडलो. परतीच्या एसटीत मात्र मला त्या पितळी डबीचा दह्यासारखा वास यायला लागला. तो आधी कधी आला नव्हता.

घरी आल्याबरोबर मी बायकोला विचारलं की काडतुसांवर एवढं दूध ओतायची काय गरज होती.

"अवो, तुमीच म्हणले होते ना, रिवालवरला आंघोळ अन् काडतुसाला का न्हाई म्हणून? एका साली मी निसतं कुंकू लावलं तर ताट ढकललं तुमी."

मला तसं काही आठवत नाही. आणि जे मला आठवत नाही ते सहसा झालेलं नसतं.

मग कुणीतरी सांगितलं की मानवतकडं एक जण उडालेल्या काडतुसांची टरफलं पुन्हा भरून देतो. टरफलं माझ्याकडं ढीगभर. तीही आम्ही फेकत नाही. ती घेऊन मी गेलो. लेथ मशीनच्या शेडमागं तो भेटला. त्याच्या उजव्या हाताकडं मी पाहिलं. बोटं पुरी नव्हती. उरलेल्या बोटांनी त्यानं मला खात्री दिली.

"काका, गॅरंटी हाय."

"कशाची? काडतुसाची का बोटाची?"

"बोटं शिकताना गेली, काका."

"मग झालं का शिकून?"

"शिकायलोय अजून," तो म्हणाला, आणि एवढं खरं बोलणारा माणूस मला त्या साली दुसरा भेटला नाही. शिवाय असं चोरून भरलेलं काडतूस सापडलं तर लायसन जातं, आणि लायसन गेलं की आजोबांची सहाबारी ठाण्यातल्या ट्रंकेत. मी टरफलं उचलली आणि त्याला नमस्कार केला. त्यानं उलट केलेला नमस्कार मी जास्त वेळ पाहिला नाही.

राहिलेलं काडतूस सुकावं म्हणून मी उन्हाळाभर ज्वारीच्या तापलेल्या पोत्यात ठेवलं. दसऱ्याला पूजेच्या वेळी ताटात पाण्याचा थेंब येऊ दिला नाही. बायकोनं लांबूनच विचारलं, "फूल तरी चालंल का? का त्यानंबी सर्दी व्हईल?" मी घंटा वाजवायला घेतली. देवासमोर भांडू नये.

शिवेवर गेलो तर गावातल्या पोरांनी औंदा डीजे आणलेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भिंतीएवढे खोके रचलेले. जमिनीतून पायात आणि पायातून दातात आवाज चढत होता. मी वाजवणाऱ्याला हातानं खूण केली, बंद कर. त्याला वाटलं, म्हातारा नाचायला लागला. त्यानं आवाज आणखी वाढवला. माझ्या डाव्या अंगाला चुलतभाऊ उभा होता, हातभर अंतरावर. खांद्यावर बाराबोर, भरलेली. त्याचं लक्ष माझ्या हाताकडं.

मी हात वर केला आणि चाप ओढला.

काही झालं नाही. काडतूस पुन्हा घोड्याखाली घेऊन परत ओढला. पुन्हा तसंच. माझ्या घराण्याचा मान माझ्या बोटाखाली कोरडा गेला, म्हणजे खरं तर ओला गेला.

आणि गाव धावलं! माझा हात वर गेलेला त्यांनी पाहिला आणि बार झाला असं समजून सगळे आपट्यावर तुटून पडले. बायका, लेकरं, जाणती मंडळी, सगळे. शेजारचा एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन ओरडला, "औंदा लय जोरात झाला हो! कानाला दडे बसले माझ्या!" इतकी वर्षं मी काडतुसं जपली, आणि या लोकांना नुसता हात पुरत होता.

कळलं फक्त एकाला. चुलतभाऊ रिव्हॉल्वरच्या तोंडाकडं पाहत होता. धूर नव्हता. त्यानं बाराबोर नुसती वर करायची खोटी होती, मान त्याचा झाला असता आणि मला बोलायला जागा राहिली नसती. तो माझ्याकडं बघत राहिला. मीही नजर काढली नाही. मग त्यानं बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि गर्दीत शिरला. परत आला तेव्हा मुठीत पानं होती.

"घ्या दादा, सोनं."

वर्षानं त्याच्या तोंडून दादा ऐकलं.

"धूर बारीक निघाला औंदा," तो माझ्या कानात म्हणाला.

"हवा दमट हाय."

"हाय," तो म्हणाला. "मग पुढच्या साली कसं करायचं?"

"पुढच्या साली डीजे याच्याहून मोठा सांग."

तो हसला आणि वाकून पाया पडला. पडायलाच पाहिजे, धाकटा आहे. उठवताना मी त्याला जरा जास्त वेळ खांद्याशी धरून ठेवलं. ते गर्दीत त्याला धक्का लागू नये म्हणून.