पिवळ्या डब्यातलं पातळ तेल

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, पोळ्यानंतर ट्रॅक्टर विकला आणि होळीपर्यंत त्यांचे हात रिकामे राहिले. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात कुणाचंही इंजिन खोकलं की नानांना बोलावणं जायचं. विहिरीवरचा पंप असो की लग्नातला जनरेटर, नाना यायचे, डोळे मिटायचे, कान तिरका करायचे आणि निदान सांगायचे. नंतर शेती वाट्याने दिली, पंप विजेवर गेले, आणि नाना ओसरीवर बसून लांबून जाणाऱ्या मोटारींचे आवाज ओळखू लागले.

मग एके दिवशी मला जळगावला त्यांचा फोन आला. "जवाईबापू, अमदा गाडीनं तेल मीच बदलसू. ट्रॅक्टरनं व्हतं तेच लई या. पिवया डबा."

यंदा गाडीचं तेल ते स्वतः बदलणार, आणि मी ट्रॅक्टरचंच घेऊन यायचं. किती महिन्यांनी त्या आवाजात मालकी ऐकली! मी आनंदाने हो म्हणालो, फोन ठेवला आणि हादरलो.

कारण गाडी आमची होती. सात जणांना पोटात घेणारी, डिझेलवर चालणारी, नव्या जमान्याची नाजूक हत्तीण. तिच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं की तेल फाइव्ह डब्ल्यू थर्टीच हवं, तेही कमी राख करणारं. हे तेल पातळ असतं. ट्रॅक्टरचं जाड तेल घातलं, तर त्याची राख धुराच्या नळीतल्या जाळीत साचत जाणार आणि एक दिवस गाडीचा श्वास कोंडणार. पण नानांना 'तुमचं तेल चालत नाही' म्हणायचं कसं? ते काही बोलले नसते. फक्त पुन्हा कधी कुठल्या बॉनेटला हात लावला नसता.

जळगावात आमचा एक तेलवाला आहे. आजोबा राजस्थानातून आलेले, नातवाची मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. त्याने पातळ तेलाची बाटली उघडली आणि झाकणात थोडं ओतून दाखवलं. दुकानाच्या शटरखालून येणाऱ्या उन्हात ती धार सोन्याच्या साखळीसारखी उतरली. मी बघतच राहिलो. एवढ्या सुंदर वस्तूला नाना 'पाणी' म्हणणार होते.

"शेठ, हेच तेल पिवळ्या डब्यात भरून मिळेल?" मी आवाज खाली आणून विचारलं.

त्याने मला नीट न्याहाळलं. "कोणाला फसवताय?"

"सासऱ्यांना."

"मग भरतो," तो म्हणाला. "पण पकडले गेलात तर माझं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही."

त्याने एक रिकामा पिवळा डबा शोधला, त्याच तेलाने दोनदा खंगाळला आणि भरून दिला. फिल्टर वेगळा बांधला. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला नाटकात कोणी घेतलं नाही, म्हणून माझ्या वडिलांवर प्रयोग का?" पण डबा डिकीत तिनेच ठेवला, आणि वर चादर टाकली.

रविवारी सकाळी गाव गाठलं. अंगणात नाना तयार होते. गोणपाट पसरलेलं, घमेलं ठेवलेलं, पान्हे ओळीने मांडलेले, जणू पूजा. प्रवासाने तेल चांगलं गरम होतं. नानांनी गाडीखाली हात घालून बोल्ट सोडला. काळी धार घमेल्यात पडू लागली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. वाऱ्यावर कुठूनतरी कापसाचे पुंजके येत होते, उतरायचं की नाही हे न ठरवता अंगणावर फिरत होते. ती धार दोऱ्याएवढी झाली, मग थेंब, मग मोठ्या अंतराने एखादा थेंब.

फिल्टर बसला. बोल्ट आवळला गेला. "आना डबा."

मी डबा दिला. आणि नानांनी ते केलं, जे आमच्याकडचे जुने इंजिनवाले करतात आणि मी मूर्ख साफ विसरलो होतो. त्यांनी तेलात तर्जनी बुडवली, अंगठा टेकवला आणि बोटं हळूच लांब केली. लाडवाच्या पाकाची तार बघतात ना, अगदी तशी. जाड तेलाची तार ताणली जाते, थरथरते, मग तुटते. ही निघाली आणि गेली.

नानांनी पुन्हा केलं. मग डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"डबा मना शे. तेल कोनं शे?"

तेल कोणाचं, ते मी खरं सांगून टाकलं. पुस्तक, जाळी, राख, तेलवाला, सगळं. ओसरीतून बायको म्हणाली, "नाना, चादर मी टाकली." म्हणजे गुन्ह्यात भागीदारीण.

नाना बोटं गोणपाटाला पुसत राहिले. "म्हातारा व्हयनू, येडा नही," ते शेवटी म्हणाले. "आधीच सांगतात, तं मी ऐकतू ना."

मला वाटलं, झालं. आता हे उठतील आणि ओसरीवर जाऊन बसतील. पण ते उठले नाहीत. "पुस्तक आना. वाचा."

मी गाडीतून पुस्तक आणलं आणि वाचलं. मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, या इंजिनाच्या आतल्या वाटा केवढ्या? मी म्हणालो, जुन्या इंजिनापेक्षा बारीक. जाड तेल थंड असताना तिथवर पोहोचायला वेळ लावतं. ते खूप वेळ बॉनेटखाली बघत बसले. मग हात छातीवर ठेवला, जिथे दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरांनी बारीक नळी बसवून रोजची एक गोळी लावून दिली होती.

"मनं रगतबी पातयच करं ना त्यासनी," ते म्हणाले. "गोयी रोज खास."

आणि डबा उचलून, एक थेंब न सांडता, त्यांनी ती सोनेरी धार इंजिनात सोडली.

दुपारी आम्ही सगळे धुळ्याकडे निघालो, बायकोच्या मामांच्या मळ्यात जेवायला. रस्ता उन्हात वितळल्यासारखा पुढे हलत होता. नाना माझ्या शेजारी, तळवा डॅशबोर्डवर, डोळे मिटलेले. झोपले असतील म्हणून मी रेडिओ लावायला हात नेला, तर डोळे न उघडता म्हणाले, "ऐकू द्या." मग मी काही लावलं नाही. गाडी गुणगुणत राहिली आणि मागे सगळी पेंगली.

मळ्यात मामांनी स्वागत केलं. बोलता बोलता म्हणाले की त्यांचा ट्रॅक्टर हल्ली धूर टाकतो.

नाना ताठ झाले. "तेल कोनतं घालस?"

"दाजी, तुम्हीच सांगेल व्हतं ते. जाड."

आता नाना त्या बिचाऱ्या ट्रॅक्टरलाही पातळ तेल लिहून देणार! मी तोंड उघडणार, तोच नानांनी हात वर केला.

"पुस्तक कथं शे?"

पुस्तक पत्र्याच्या पेटीतून निघालं, कोपरे उंदरांनी खाल्लेलं. नानांनी ते फुंकून माझ्या हातात दिलं, बाजेवर बसले आणि मामांना खुणेने शेजारी बसवलं. "जवाईबापू, वाचा. सावकाश."

मी तेलाचं पान काढलं. ताटं वाढायची थांबली. नाना डोळे मिटून, कान तिरका करून ऐकू लागले.