सोमवारची रात्र, दीड वाजता

आमच्या घरात पंचांग नव्हतं. छप्पन साली आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देवांचे टाक टोपलीत घालून नदीत सोडले, असं आई सांगायची. पंचांग सोडायचा प्रश्नच आला नाही. ते वाचून दाखवणारा माणूस आमच्या वस्तीत त्याआधीही कधी पाऊल टाकत नव्हता. त्यामुळे माझी रास कोणती, नक्षत्र कोणतं, याची कुठेच नोंद नाही. जन्मवेळ विचारली की आई म्हणायची, "तुझे पप्पा पहिल्या पाळीला गेले आणि तू आलीस." शाळेत मुलींनी रास विचारली की मी बिनदिक्कत सांगायचे, "आमच्यात नसते." एखाद्याच्या घरी फ्रीज नसतो, तसं.

आणि आयुष्यातली माझी पहिली नोकरी कुंडल्या छापायची होती.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्या जोरावर स्वतःला फार शहाणी समजत होते. उल्हासनगरात कॅम्प तीनला एका सिंधी गृहस्थांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. लग्नपत्रिका छापायला येणारं गिऱ्हाईक त्याआधी जन्मपत्रिका जुळवायला कुठेतरी जाऊन आलेलंच असतं, मग तेही काम आपणच का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, कुंडलीचा प्रोग्राम घेतला आणि दोन्ही चालवायला मला घेतलं.

घरी सांगायची मला धास्ती होती. पप्पा आनंदनगरच्या एका कंपनीत मशीनवर होते, तीन पाळ्यांत, आणि ज्योतिष म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर शिकतेस ना, मग जा. फक्त तो काय छापतो ते मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं. विश्वास म्हणून नव्हे, नुसती उत्सुकता. पण उत्सुकतासुद्धा कमी चिकट नसते.

काम साधं होतं. नाव, तारीख, वेळ, गाव टाकायचं, बटण दाबायचं. प्रिंटर किरकिर करत पाच पानं बाहेर ढकलायचा. पहिल्याच आठवड्यात मला प्रश्न पडला की ही सत्तावीस नक्षत्रं आली कुठून. दादांकडे एक जाडजूड पुस्तक होतं आणि शंभर वर्षांचं पंचांग होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी डबा खाता खाता ते वाचायचे. चंद्राला आकाशाची एक फेरी पुरी करायला सुमारे सत्तावीस दिवस लागतात, म्हणून त्याच्या मुक्कामाची सत्तावीस घरं. रोज एक घर. एवढं कळलं आणि मला गंमत वाटायला लागली. मग प्रत्येक घराला देवता, चिन्ह, प्राणी, गण. कृत्तिकेचा वस्तरा, हस्ताचा पंजा, श्रवणाचा कान. पूर्वाषाढेचं चिन्ह चक्क सूप! आईच्या हातातलं, तांदूळ पाखडायचं सूप आकाशात आहे, हे वाचून मी एकटीच दुकानात हसले होते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. महिन्यांची नावं नक्षत्रांवरून पडलेली आहेत. चैत्रातल्या पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास, वैशाखातला विशाखेच्या, आषाढातला आषाढांच्या. आषाढी पौर्णिमा आमच्या घरी तर मोठी. पहाटे पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जायचो. त्या दिवशी चंद्र कुठे असतो ते पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे की. त्याला कुठे ओव्हरटाइम मिळतोय?"

पुस्तकात चीड आणणारंही बरंच होतं. मुलीचं नक्षत्र मूळ तर सासऱ्याला वाईट, आश्लेषा तर सासूला, ज्येष्ठा तर थोरल्या दिराला, विशाखा तर धाकट्या दिराला. नवऱ्याच्या घरातल्या माणसामागे एकेक नक्षत्र राखून ठेवलेलं. सुनेला वाईट असलेलं सासऱ्याचं नक्षत्र मी पुस्तकभर शोधलं, सापडलं नाही. हे मी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "बेटा, किताब ससुर ने लिखी होगी।" आम्ही दोघंही हसलो. इतकं कळत होतं मला, आणि तरीही पुढचं घडलं.

एके दिवशी बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून माय-लेकी आल्या. घरची थोडी शेती, आणि मुलीचा बाप आनंदनगरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर. मुलगी एकोणीस-वीसची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल. स्थळ आलं होतं आणि त्या लोकांनी पत्रिका मागितली होती. मुलीचा जन्म घरीच, सुईणीच्या हातचा. शाळेच्या दाखल्यावर एक जून, म्हणजे मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख. पण आईला सगळं पक्कं ठाऊक होतं.

"आषाढातली पुनव व्हती बाय. सोमवारची रात. दीड वाजला व्हता, शेजारच्यांच्या घड्याळात बघून आला पोरीचा बाप."

मी शंभर वर्षांच्या पंचांगात तिच्या जन्मसालची आषाढी पौर्णिमा काढली. सोमवारच होता. मला भारी वाटलं. सोमवारची तारीख टाकली, वेळ टाकली एक तीस, बटण दाबलं. रास धनू, नक्षत्र मूळ, चरण पहिला.

आई बाहेर बाकावर टेकली होती. मुलगी मात्र प्रिंटरवर वाकून अक्षरं उमटताना बघत होती. तिने विचारलं, "ताई, मूळ म्हंजे काय ओ?"

असं कुणी विचारत नसे. लोक कागद घ्यायचे आणि जायचे. मला इतका आनंद झाला की मी तिला सगळंच सांगितलं. चिन्ह मुळ्यांची जुडी, प्राणी कुत्रा, गण राक्षस. देवता निर्ऋती, म्हणजे नाशाची देवी. "सासऱ्याला वाईट म्हणतात," मी म्हटलं, "आणि पहिला चरण बापाला जड." अगदी तोंडपाठ कविता म्हणावी तसं, एका दमात. ती "अच्छा" म्हणाली आणि कागदाची घडी करून पिशवीत घातली.

त्यानंतर वर्ष गेलं. त्या दोघी माझ्या डोक्यातून पार गेल्या.

मग एका सकाळी पप्पा तिसऱ्या पाळीहून आले ते तणतणतच. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात एक नवा क्लार्क आला होता. पप्पा सोमवारी रात्री कामावर गेले, पहाटे दोनला मशीन बिघडलं, त्याची नोंद त्यांनी सोमवारच्या पाळीत केली. क्लार्क म्हणे, पहाटे दोन म्हणजे मंगळवार, सोमवारी पहाटे दोनला तर तुम्ही घरी होता. "अरे, सोमवारची तिसरी पाळी सकाळी सात वाजता संपते!" पप्पा आईला सांगत होते. "मध्ये बाराचा ठोका पडला म्हणून माझा सोमवार कोण काढून घेणार?"

मी वेणी घालत होते. हात तसाच राहिला. सोमवारची रात. दीड वाजला व्हता.

त्या बाईचा सोमवार पप्पांच्या सोमवारासारखा होता. गावाकडे सूर्य उगवेपर्यंत वार बदलत नाही. पंचांगाचं पुस्तकही पहिल्याच पानावर हेच सांगतं, मी ते वाचलंही होतं. पण कॉम्प्युटरचा दिवस बाराला उलटतो. सोमवारच्या रात्रीचा दीड म्हणजे मंगळवारची तारीख. मी सोमवारची टाकली होती. चंद्राला अख्खा एक दिवस मागे ओढलं होतं, म्हणजे एक घर मागे. रास तीच राहिली, धनू, म्हणून कुणाला संशयही आला नाही.

दुकानात गेल्या गेल्या मंगळवारची तारीख टाकून बटण दाबलं. पूर्वाषाढा. गण मनुष्य. चिन्ह सूप. आषाढातल्या पौर्णिमेला चंद्र आषाढांत, मी ज्या गोष्टीवर एवढी खूश होते ती डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती.

तारेत ओवलेल्या, गिऱ्हाइकांच्या नाव-तारखेच्या जुन्या चिठ्ठ्या काढून रात्रीचे सगळे जन्म तपासले. बाकीच्यांनी दवाखान्याचा कागद आणला होता, त्यांच्या तारखा बरोबर होत्या. चूक एकच होती. दादांना सांगताना मला रडू आलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते नव्या कागदाची घडी घालत म्हणाले, "पोस्ट से मत भेजना। खुद जा, हाथ में दे के आ।"

रविवारी बदलापूरला उतरून विचारत विचारत त्यांच्या गावी गेले. दुपारची वेळ. मुलीचा बाप कामावर होता. बाईंनी मला ओळखलं नाही, दुकानाचं नाव सांगितल्यावर ओसरीवर बसवलं. नाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यात मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी हात पुढे केला. तिने तांब्या माझ्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि मागे सरकली.

माझं डोकं सणकलं. आडनाव ऐकलं आणि पाणी लांब! आमच्या आजीला असं पाणी मिळायचं, तेही मिळालं तर. मी उठलेच. इतक्या लांबून कशासाठी तडफडत आले, असं वाटलं. पिशवी खांद्याला लावली आणि म्हटलं, "पाणी नको मला. जाते मी."

बाई गोंधळल्या. मग त्यांचं लक्ष तांब्याकडे गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"न्हाई गो बाय, तसा न्हाई! बस तू. ती कुनाच्याच हातात काय देत न्हाई आता. बापाच्या ताटालाबी शिवत न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. मी दिलेला कागद बघून ते स्थळ परत गेलं, कारण मुलाचा बाप जिवंत होता. एवढं त्यांनी सोसलं. मग चार महिन्यांनी कारखान्यात प्रेसखाली नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातच त्याची बहीण म्हणाली, पोरीच्या कागदात मूळ हाय, दुकानातल्या ताईनंच सांगितलंय, बापाला जड. नवऱ्याने बहिणीला झापलं. हात वाचवणारं मशीनचं गार्ड काढून काम करायला लावतात, त्यात पोरीचा काय गुन्हा, असं तो आजही म्हणतो. पण पोरीने ऐकलं ते ऐकलंच. तेव्हापासून ती घरात सगळं करते, भाकरी थापते, पण वाढत नाही. कुणाच्या हातात वस्तू देत नाही. जमिनीवर ठेवते आणि बाजूला होते.

मी खाली बसले. पिशवीतून नवा कागद काढला आणि माझी चूक सांगितली. सोमवार, मंगळवार, बाराचा ठोका, सगळं. बाईंना दोनदा सांगावं लागलं. मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. "म्या बराबर सांगितला व्हता ना?" त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "माझा सोमवार बराबर व्हता ना?" मी म्हटलं, "तुमचा बरोबर होता मावशी. माझा चुकला." कागद घेऊन त्या तशाच नणंदेच्या घरी निघाल्या. ती दोन घरं सोडून राहायची.

ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. ती खांबाला टेकून उभी होती. रडली नाही, हसलीही नाही.

"म्हंजे पप्पांची बोटं माझ्यामुळं न्हाई गेली?"

"नाही."

"आन खरंच मूळ असतं, तर?"

या प्रश्नाचं उत्तर मला जन्मापासून पाठ होतं. ते आमच्या घरात पुस्तक न उघडता शिकवलं जायचं. मी म्हटलं, "तरीही नाही. कुणाच्याही नक्षत्रामुळे कुणाची बोटं जात नाहीत."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. दुकानात प्रिंटरवर वाकून बघत होती, तसंच.

"हे तुमाला तवाबी म्हाईत व्हतं?"

"हो."

"मग मी इचारलं तवा ते दुसरं का सांगितलंत, ताई?"

चुकलेल्या तारखेची माफी मी रस्ताभर घोकून आले होते. याची माफी माझ्याकडे नव्हती. मला येत होतं म्हणून मी सांगितलं होतं. सांगताना मजा येत होती म्हणून सांगितलं होतं. समोर एक मुलगी उभी आहे आणि ती हे घेऊन घरी जाणार आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तांब्या अजून तिथेच होता, हातभर लांब. आमच्या किती पिढ्यांनी असं लांब ठेवलेलं पाणी प्यायलं, आणि या पोरीला ते तसं ठेवायला मी शिकवलं होतं.