टाचवाले सर

टाचवाले सर पेशंटकडे पाठ करून उभे राहायचे. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले, पाय अनवाणी. क्रांती चौकाजवळच्या त्या माडीवरच्या खोलीत रिक्षांचा गोंगाट भरून असायचा, आणि त्यातही हा माणूस फरशीतून आमची हालचाल ऐकायचा.

मी बजाजनगरच्या शाळेत शिकवते. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलं आणि मी सरांकडे गेले. जूनपर्यंत हात फळ्याच्या वरच्या कडेला पोचला नाही, तर वर्ग सोडून ऑफिसात बसावं लागेल, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं. सरांनी खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खांदा रुसलेला पाव्हणा हाय. त्याला ओढायचं नाय. आधी डाव्या टाचेला इचारा," म्हणाले. मला वाटलं, चांगली सापडले यांच्या तावडीत.

गंगापूरकडे त्यांचं शेत. वडील कापसाचं गाठोडं टाचेच्या जोरावर उचलायचे, ते बघून निम्मं शिकलो, उरलेलं फिजिओच्या कॉलेजात, असं सांगायचे. आम्ही डावी टाच रोवायची आणि जोर कमरेतून, पाठीतून तिरका उजव्या खांद्यात जाऊ द्यायचा. तो पोचला की सर भिंतीकडे तोंड ठेवूनच हळूच म्हणायचे, "आला." मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. एकदा मी लबाडी करून नुसताच हात उचलला. "टाच बोलली नाय, बाई." माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तरी त्या माणसावर माझा जीव जडला होता. दुखतंय का, हे न विचारता कळणारे ते एकटेच.

हात कानापर्यंत पोचला आणि एका सोमवारी खोलीला कुलूप. शनिवारी झटका येऊन सर गेल्याचं खालच्या औषधवाल्याने सांगितलं. मी जिन्यातच बसून रडले. सरांसाठी रडले आणि, खोटं कशाला बोलू, हातासाठीही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. वर सुविचार लिहून दाखवा, म्हणाल्या. हात कानाशीच अडला. मी चप्पल काढली, डावी टाच रोवली. तेवढ्यात फरशीनेच खालून टाच रेटल्यासारखी वाटली. जोर तिरका चढत गेला आणि खडू फळ्याच्या वरच्या कडेला टेकला.

मागून हळूच ऐकू आलं, "आला."

मला वळायचा धीर झाला नाही. बाकावरून बाईंनी विचारलं, "कोण आला हो? दारात तर कुणीच नाही."